कागदाखालची जमीन : केळापुरात घर घेण्यापूर्वी

खरेदीखतावर ‘मौजा पांढरकवडा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ’ असं लिहिलेलं असतं आणि बदलीवर आलेला नवखा माणूस इथंच पहिल्यांदा अडखळतो. तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील कचेरी, बाजारपेठ आणि नगर परिषद पांढरकवड्याला. जगदंबेच्या देवळामुळे ओळखलं जाणारं केळापूर हे गाव वेगळं, त्याचा मौजा वेगळा. म्हणून ‘केळापूरचा प्लॉट’ म्हटल्यावर तो नगर परिषदेच्या हद्दीत आहे, शेजारच्या एखाद्या गावाच्या गावठाणात आहे की शेतातल्या कुठल्या गटात आहे, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही. बांधकामाची परवानगी कोण देणार, नळाचं पाणी कोण देणार, मालकीचा कागद सातबारा की मिळकत पत्रिका, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. दलाल दाखवतो ते डोळ्यांना दिसणारं असतं : नागपूर–हैदराबाद महामार्ग किती जवळ, बसस्थानक किती मिनिटांवर, शेजारी कोणाचा बंगला. या सगळ्याचे पैसे प्लॉटच्या दरात आधीच धरलेले असतात. केळापूर तालुक्यात घर टिकणार की नाही, ते मात्र तीन न दिसणाऱ्या गोष्टींवर ठरतं. जमीन मुळात कोणाची होती, तिच्या पोटात कसलं पाणी आहे आणि पायाखाली माती किती खोल आहे, या त्या तीन गोष्टी. प्लॉट बघण्याआधी गाव समजून घ्यावं, असं माझं म्हणणं आहे आणि ते या तिघींवर उभं आहे.

घरखरेदीचा जो सल्ला सगळीकडे ऐकू येतो तो बहुतेक पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटसाठी तयार झालेला आहे. प्रकल्प महारेरात नोंदलेला आहे का पाहा, तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या, बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे निर्धास्त व्हा. यातलं पहिलं इथंही पाळायलाच हवं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या ले-आउटलाही २०१६ चा रेरा कायदा लागू होतो आणि नोंदणीकृत करार होण्याआधी प्रवर्तकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पण तीस वर्षांच्या शोधाचा नियम केळापुरात अपुरा पडतो, आणि बहुतेक ग्राहकांना हे ठाऊक नसतं.

केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव आणि घाटंजी या तालुक्यांतली बरीच गावं संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात येतात. गोंड, परधान आणि कोलाम यांची ही भूमी आहे. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक, आणि त्यांचे पोड म्हणजे वस्त्या आजही या तालुक्यांत आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम ३६-अ ६ जुलै १९७४ पासून अमलात आलं. तेव्हापासून परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण वा पट्ट्यानं जाऊ शकत नाही. विक्री करायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि त्याआधी राज्य शासनाची मान्यता. अनुसूचित क्षेत्रात २०१६ च्या अधिसूचनेनं ग्रामसभेच्या पूर्वसंमतीची भर घातली. ही परवानगी नसेल तर व्यवहार बेकायदा ठरतो, जमीन सरकारकडे जाते आणि मूळ आदिवासी मालकाला परत देण्याची प्रक्रिया सुरू होते. खरेदीदारानं तिच्यावर घर बांधलं होतं, कर्ज फेडलं होतं, यानं व्यवहार कायदेशीर होत नाही. याच्या जोडीला १९७४ चा जमीन प्रत्यार्पण कायदा आहे. तो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींपर्यंत मागे पोचतो, आणि अर्ज करण्याची मुदत विधिमंडळानं वेळोवेळी वाढवत नेली आहे. आज तीस वर्षं मागे गेलात तर नव्वदीच्या दशकात थांबता. तेव्हा सातबारावर बिगर-आदिवासी नाव असेल, त्याआधीही असेल, पण १९६८ च्या एखाद्या फेरफारात एका गोंड शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या नावावर चढलेली असू शकते. म्हणून या तालुक्यात शोध १९५७ च्या मागेच न्यायला हवा. विदर्भात १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी जिथं उपलब्ध असते तिथून सुरुवात करून पुढचे सगळे फेरफार एकामागून एक वाचले, की साखळीत कुठं खंड आहे ते कळतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात यासाठी दोन-चार हेलपाटे पडतात. जमीन कधीतरी अकृषक झाली म्हणून हा प्रश्न आपोआप मिटला असंही गृहीत धरू नये.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. हा कायदा आदिवासीचंच नुकसान करतो, असं म्हणतात. त्याच्या जमिनीला खुल्या बाजाराचा भाव मिळत नाही, गरजेला ती विकता येत नाही, आणि रस्त्याला लागून असलेलं सोन्यासारखं शेतही तो फक्त दुसऱ्या आदिवासीला विकू शकतो. किमतीपुरतं हे खरं आहे. पण कायदा आला तो या भागाचा इतिहास पाहून. वऱ्हाडात कापसाचा भाव आणि सावकाराचं व्याज यांच्यात सापडलेल्या शेतकऱ्याची जमीन कर्जापोटी कवडीमोलानं जात असे, आणि ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं त्याची सगळ्यात आधी गेली. खुल्या बाजाराचा भाव ज्याला हवं तितकं थांबता येतं त्याला मिळतो. दवाखान्याचं बिल भरायला विकणाऱ्याला तो कधीच मिळत नाही. शिवाय परवानगीचा दरवाजा बंद नाही, तो फक्त सरकारच्या आणि ग्रामसभेच्या डोळ्यांदेखत उघडावा लागतो. खरेदीदार स्वतः अनुसूचित जमातीचा असेल तर त्याला कलम ३६-अ ची ही अडचण नाही. त्यानं आपलं जात प्रमाणपत्र आणि विक्रेत्याच्या मालकीची साखळी यांची खातरजमा करावी. बिगर-आदिवासी खरेदीदारानं मात्र ‘नाव त्याचं ठेवू, ताबा तुमचा’ किंवा ‘मुखत्यारपत्र करून घ्या’ असली सूचना ऐकताच उठून यावं. मुखत्यारपत्रानं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. इथं तर तो कागद कायदा चुकवण्याचा पुरावाच ठरतो. आणि एखाद्या कोलाम कुटुंबाचं शेत अशा वाटेनं हडपण्यात आपला वाटा असणं, हे नुसत्या कायदेशीर जोखमीहून कितीतरी वाईट आहे.

आदिवासी जमिनीशिवायही इथल्या सातबारावर असे बरेच शब्द असतात जे शहरी खरेदीदारानं आयुष्यात ऐकलेले नसतात. ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणजे शर्तीवर दिलेली जमीन, जिच्या हस्तांतराला आधी परवानगी लागते. ‘भूदान’ असा शेरा असेल तर ती विनोबांच्या चळवळीत भूमिहीनाला मिळालेली जमीन आहे आणि तिला विदर्भात १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा लागतो. ती विकत घेता येईल असं समजू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा वारसांकडे जातो, विकता येत नाही. ‘ई-क्लास’ हा खास वऱ्हाडचा शब्द आहे. गावाच्या चराईची, सामाईक वापराची ही जमीन. तिच्यावर वर्षानुवर्षं घरं उभी असतात, ग्रामपंचायतीची कर पावतीही असते, आणि म्हणूनच ती धोक्याची असते. करपावती फक्त कर भरल्याचं सांगते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे, मालकीचा दाखला नाही. सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणाबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या जगपाल सिंग निकालात फारच कडक भूमिका घेतली आहे. गावाच्या सामाईक हक्कांची नोंद विदर्भात निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात असते. हे दोन कागद महसूल संहितेनं विदर्भासाठीच ठेवले आहेत, तरी प्लॉट घेणाऱ्यांपैकी फारच थोडे ते मागतात. प्लॉटकडे जाणारी पांदण खरोखर सार्वजनिक आहे की शेजाऱ्याच्या मेहरबानीवर चालू आहे, गावाची गुरं कुठून जातात, स्मशानाची वाट कुठली, याची उत्तरं याच कागदांत शोधायची असतात. पैनगंगेवरच्या निम्न पैनगंगा प्रकल्पासारख्या योजनांच्या लाभक्षेत्रात गट असेल तर ‘इतर हक्क’ या रकान्यात पुनर्वसनाचा शेरा आहे का तेही बघावं. तो रकाना छोट्या अक्षरांत छापलेला असतो आणि खरेदीदाराच्या कामाची बहुतेक माहिती तिथंच असते.

मग येतो ले-आउटचा प्रश्न. गावाला लागलेल्या शेताचे तुकडे पाडून तीन-तीन गुंठ्यांचे प्लॉट विकण्याची पद्धत विदर्भात जुनी आहे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा ठरावीक क्षेत्राच्या आतला शेतीचा तुकडा विकू देत नाही. २०२३ च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी झाली. जुन्या व्यवहारांना सरकारनं अलीकडे सवलती दिल्या हे खरं, आणि त्यामुळे ‘आज ना उद्या नियमित होईल’ हा दलालाचा आवडता युक्तिवाद झाला आहे. पण सवलत सरकार जाहीर करेल तेव्हा, करेल त्या तारखेपर्यंतच्या व्यवहारांना आणि घालेल त्या अटींवर मिळते. ती आपल्याला मिळेलच असं धरून आज पैसे मोजणं म्हणजे दुसऱ्याच्या निर्णयावर आपलं घर उभं करणं. शेती घेऊन पुढे बघू, असा विचार करणाऱ्या बिगर-शेतकऱ्यानं १९५८ चा विदर्भ कुळ कायदा, कलम ८९, ध्यानात ठेवावा. शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला विकायला तो बंदी करतो. मंजूर ले-आउटमध्येही कागदावरचे रस्ते आणि मोकळी जागा नगर परिषदेकडे हस्तांतरित झाली आहे का, हे विचारावं. झाली नसेल तर नाली, पथदिवे आणि नळ यांसाठी दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहतो. आणि ‘सगळेच नोटरीवर घेतात, कोणाचं काय बिघडलं?’ या प्रश्नाचं उत्तर असं की घर बांधल्याच्या दिवशी कोणाचंच बिघडत नाही. बिघडतं ते वारसांची नावं लावताना, कर्ज काढताना किंवा विकायला निघाल्यावर, आणि तेव्हा विक्रेता बहुधा हयात नसतो किंवा गावात नसतो.

कागद निर्मळ निघाले तरी निम्मंच काम झालं. जमिनीच्या पोटातलं पाणी कोणत्याही दस्तात येत नाही. पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइड आहे, ही अफवा नाही. २००७ साली ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात याच भागातल्या भूजलातल्या फ्लोराइडवर अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा पर्याय नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं की दात येण्याच्या वयातल्या मुलांच्या दातांवर पांढरट, पुढे तपकिरी पट्टे येतात. आणखी जास्त आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर सांधे ताठरतात, पाठ वाकते आणि तिथून परत येणं नसतं. या पाण्याला वेगळी चव नसते, वास नसतो, रंग नसतो. बघायला आलेला माणूस हातपंपाचं थंड, गोड पाणी पिऊन ‘पाणी चांगलं आहे’ असं म्हणतो आणि त्याची फसगत होते. फ्लोराइड खडकातून येतं, म्हणून ते गावागावात आणि एकाच गावातल्या दोन विहिरींतही वेगवेगळं असतं. पाणी खडकात जितका जास्त काळ मुरतं तितकं ते वाढण्याची शक्यता असते. यामुळे उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरवेल चांगली, हा सर्वसाधारण समज इथं उलटाही पडू शकतो. ‘माझ्याकडे दोनशे फुटांची बोअर आहे’ ही विक्रेत्याची जाहिरात नमुना तपासल्याशिवाय गुण म्हणून स्वीकारू नये.

‘आरओ लावला की झालं’ हे उत्तर अर्धवट आहे. चांगल्या स्थितीतला आरओ फ्लोराइड काढतो, पण त्याचा पडदा वेळेवर बदलावा लागतो, आणि जितकं पाणी गाळतो निदान तितकं वाया घालवतो. वैशाखात बोअर आटायला लागलेली असताना हे परवडत नाही. स्वयंपाकालाही तेच पाणी लागतं हे घरात बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट दाट होतं. गावपातळीवर उपाय आहेत. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनं तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड बसवण्याची ‘नालगोंडा’ पद्धत फार पूर्वीच विकसित केली आहे. पण ती सामुदायिक योजनेसाठी नीट चालवावी लागते. म्हणून खरेदीदारानं विचारायचं ते असं : या गावाला नळानं येणारं पाणी कुठून येतं, नदीवरून की बोअरवरून? खुनी नदीवरचं सायखेडा धरण किंवा एखादी नदीकाठची योजना स्रोत असेल तर चित्र निराळं असतं. आणि प्लॉटजवळच्या दोन-तीन स्रोतांचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, शक्यतो उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा.

तिसरी गोष्ट माती. कापसाला जी काळी माती सोन्यासारखी, तीच घराला घातक. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीतली चिकण खनिजं पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात त्या यामुळेच. घराच्या एका कोपऱ्याखाली सांडपाणी मुरत असेल आणि दुसरा कोपरा कोरडा असेल, तर पाया दोन्ही बाजूंना वेगवेगळा हलतो आणि भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका तडा जातो. तो बुजवून रंग दिला तरी पुढच्या वर्षी पुन्हा उघडतो, कारण मूळ दोष खाली आहे. पावसाळ्यात भिजणं आणि उन्हाळ्यात आकसणं साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालतं. म्हणून पाया कठीण मुरुमापर्यंत न्यावा लागतो. काळी फार खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशा जमिनीसाठीच पुढे आणलेले, बुडाशी फुगीर केलेले पाइल वापरावे लागतात, वरून प्लिंथ बीम आणि भोवती पक्का उतार द्यावा लागतो. म्हणजे दोन शेजारचे प्लॉट एकाच दराचे असले तरी एकात मुरूम चार फुटांवर आणि दुसऱ्यात बारा फुटांवर असू शकतो, आणि स्वस्तातला प्लॉट पायातच महाग पडतो. इसाराआधी एक खड्डा खणून बघायला मजुराची एका दिवसाची मजुरी लागते. तेही जमत नसेल तर शेजारच्या दहा वर्षांच्या जुन्या घरांच्या भिंती बघाव्यात. त्या जे सांगतात ते कोणी नाकारू शकत नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. खुनी नदीच्या आणि ओढ्यांच्या काठी निळी पूररेषा (पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल पूररेषा (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आखली आहे का, ते जलसंपदा विभागाकडे विचारावं. आखली नसेल तर गावातल्या म्हाताऱ्यांना पाणी कुठवर आलं होतं ते विचारावं. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत यवतमाळ जिल्ह्यानं काय पाहिलं ते फार जुनं नाही. राष्ट्रीय महामार्ग ४४ ला लागून प्लॉट असेल तर मोकळ्या ग्रामीण भागात रस्त्याच्या मध्यापासून साधारणपणे ४० मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही आणि ७५ मीटरपर्यंत त्यावर नियंत्रण असतं. नव्या रस्त्याची, रेल्वेची बातमी सांगून भाव वाढवला जात असेल तर भूसंपादनाची अधिसूचना मागावी; राष्ट्रीय महामार्गाचं भूसंपादन कलम ३-अ च्या अधिसूचनेनं सुरू होतं. टिपेश्वर अभयारण्य याच परिसरात आहे, १४८.६३ चौरस किलोमीटरचं. त्याच्या कडेच्या गावात घर घ्यायचं असेल तर गट अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात आहे का ते वन विभागाकडून लेखी घ्यावं. वाघाबद्दल घाबरवणं मला मान्य नाही, पण पांढरकवडा वन विभागातल्या तेरा माणसांच्या मृत्यूंशी जिचं नाव जोडलं गेलं ती टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ ला मारली गेली, तेव्हा या पट्ट्यातल्या गावांनी दोन वर्षं अंधार पडण्याआधी दारं लावली होती. जंगलकाठी राहायचं तर संडास घरातच हवा, अंगणात उजेड हवा आणि गोठा बंदिस्त हवा, हे घराच्या आराखड्यातच धरलेलं बरं.

एवढं सगळं बघायला वेळ आणि पैसा जातो, आणि तोवर प्लॉट दुसरा घेऊन जातो, हा शेवटचा आक्षेप. वेळेचं खरं आहे, पैशाचं तितकं नाही. तलाठ्याकडचा सातबारा आणि फेरफार, ‘आपली चावडी’ या ऑनलाइन फलकावर प्रलंबित असलेली नोंद, दुय्यम निबंधक कार्यालयातली सूची क्रमांक २, पाण्याचे दोन नमुने आणि एक खड्डा, या सगळ्याचा खर्च प्लॉटच्या किमतीच्या मानानं किरकोळ आहे. सगळ्यात महाग पडते ती भूमी अभिलेखची मोजणी, पण तिची ‘क प्रत’ हातात असली तर शेजाऱ्याशी कुंपणाचं भांडण आयुष्यभर टळतं. घाई करायचीच असेल तर रक्कम कमी ठेवून इसार द्यावा आणि इसारपावतीत लिहून घ्यावं की १९५४-५५ पासूनच्या फेरफारांत आदिवासी हस्तांतर, वर्ग २, भूदान वा सामाईक जमिनीचा शेरा निघाला, किंवा मोजणीत क्षेत्र कमी भरलं, तर इसाराची रक्कम ठरलेल्या दिवसांत परत मिळेल. प्रामाणिक विक्रेत्याला या ओळीचं काही वाटत नाही. ज्याला वाटतं त्याचं कारण बहुधा अभिलेख कक्षातल्या जुन्या रजिस्टरात नोंदलेलं असतं.